कॅप्टन आणि वॉर्डन : सर फ्रँक वॉरेल

वेस्ट इंडिज नावाचा देश नकाशात शोधायला गेलात तर सापडणार नाही. कारण तो देशच नाही! कॅरिबियन समुद्रात विखुरलेली बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा गयाना, या सगळ्यांची मिळून एक क्रिकेट टीम आहे, तिचं हे नाव. जमैकापासून बार्बाडोस जवळजवळ दोन हजार किलोमीटर लांब आहे. प्रत्येक बेटाचं सरकार वेगळं, झेंडा वेगळा आणि इगोही वेगळा. अशा लोकांना एका ड्रेसिंग रूममध्ये बसवून त्यांची टीम बनवायची म्हणजे काय काम असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. हॉस्टेलमध्ये विदर्भवाले, कोकणवाले, मराठवाडावाले आणि पुणेवाले एका मेसमध्ये जेवतात, पण टेबलं वेगवेगळी असतात ना? तसंच.

हे काम ज्याने केलं त्याचं नाव सर फ्रँक वॉरेल. सोबर्स, लॉईड, रिचर्ड्स, लारा ही नावं आपल्याला पाठ असतात. वॉरेलचं नाव मात्र फक्त ऑस्ट्रेलिया-वेस्ट इंडिज मालिकेच्या ट्रॉफीपुरतं कानावर पडतं. मलाही तेवढंच माहीत होतं. मग वाचत गेले आणि लक्षात आलं की या माणसाचं आयुष्य आपल्यासारख्या होस्टेलाइट्सना जास्त जवळचं आहे. कारण हा वर्ल्ड क्लास बॅट्समन रिटायर झाल्यावर चक्क युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलचा वॉर्डन होता.

जन्म १ ऑगस्ट १९२४ चा, बार्बाडोस बेटावर, ब्रिजटाऊनजवळच्या बँक हॉल वस्तीतला. आई-वडील पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेले आणि फ्रँक आजीकडे वाढला. बार्बाडोस तेव्हा इंग्रजांची वसाहत. उसाचे मळे गोऱ्यांचे आणि त्यात राबणारे काळे, ही तिथली जुनी व्यवस्था. क्रिकेट मात्र सगळेच खेळायचे. गंमत म्हणजे अवघ्या सतरा महिन्यांत त्याच परिसरात तीन मुलं जन्मली आणि तिघांचीही आडनावं इंग्रजी डब्ल्यूने सुरू होणारी : वॉरेल, एव्हर्टन वीक्स आणि क्लाईड वॉलकॉट. पुढे हे तिघेही टेस्टमध्ये इतके खेळले की जगाने त्यांना थ्री डब्ल्यूज असंच नाव दिलं.

फ्रँक कोंबरमिअर शाळेत शिकला. शाळेचे दिवस त्याला फारसे सुखाचे गेले नाहीत. हा मुलगा गर्विष्ठ आहे असा त्याच्यावर शिक्का बसला होता. मुळात तो कमी बोलणारा आणि आपल्याच तंद्रीत राहणारा होता. असा मुलगा खेळात चमकला की लोकांना तो शिष्टच वाटतो. शाळेत असतानाच, सतराव्या वर्षी, तो बार्बाडोसच्या टीममध्ये आला, पण डावखुरा स्पिनर म्हणून. बॅटिंग अगदी खाली. मग बॅटिंगचा नंबर वर वर सरकत गेला आणि १९४३-४४ च्या मोसमात त्रिनिदादविरुद्ध त्याने नाबाद ३०८ धावा ठोकल्या. जॉन गोडार्डबरोबर ५०२ धावांची अभेद्य भागीदारी! दोनच वर्षांनी त्याच त्रिनिदादविरुद्ध वॉलकॉटबरोबर ५७४ धावांची, तीही अभेद्य. हा जागतिक विक्रम जेमतेम वर्षभर टिकला. तो मोडला आपल्या विजय हजारे यांनी. १९४७ मध्ये बडोद्याला होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ ची भागीदारी केली.

१९४७ मध्ये वॉरेल बार्बाडोस सोडून जमैकाला राहायला गेला. हे बार्बाडोसच्या लोकांना झोंबलं. आपलं बेट सोडून दुसऱ्या बेटासाठी खेळणं म्हणजे फितुरीच वाटायची. १९४८ मध्ये इंग्लंडविरुद्ध त्याने टेस्ट पदार्पण केलं, पहिल्याच डावात ९७ आणि पुढच्या टेस्टमध्ये नाबाद १३१. मालिकेत ॲव्हरेज १४७!

आणि मग लगेच भांडण. त्या काळी वेस्ट इंडिज बोर्ड खेळाडूंना धड पैसे देत नसे. श्रीमंत घरातल्या गोऱ्या खेळाडूंना त्याचं काही वाटत नव्हतं. पण घर चालवायचं असलेल्या माणसाने काय करायचं? १९४८-४९ च्या भारत दौऱ्यासाठी वॉरेलने मानधन मागितलं आणि बोर्डाने नकार दिला. वॉरेल दौऱ्यावर आला नाही. बोर्डाच्या डोळ्यांत तो बंडखोर ठरला. त्याने सरळ इंग्लंडचा रस्ता धरला आणि लँकेशायरमधल्या रॅडक्लिफ क्लबचा प्रोफेशनल झाला. या लीगमध्ये क्लब एखादाच खेळाडू पगारी ठेवायचे. बाकी सगळे गिरणीत, दुकानात काम करणारे हौशी लोक. शनिवारी मॅच, आणि प्रोफेशनल खेळला नाही तर गावभर चर्चा. प्रोफेशनलने पन्नास केल्या की प्रेक्षकांत टोपी फिरवून वर्गणी जमवायची पद्धत होती. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम बॅट्समनपैकी एक जण एका गिरणगावात दर शनिवारी आपला पगार वसूल करून दाखवत होता. पण त्या गावाने त्याला आपलं मानलं. आजही रॅडक्लिफमध्ये त्याच्या नावाचा रस्ता आहे.

रॅडक्लिफमध्ये असतानाच तो मँचेस्टर युनिव्हर्सिटीत शिकू लागला. लग्न झालेलं, मुलगी लहान, हाताशी क्रिकेटची नोकरी आणि वर अभ्यास. डिग्री हाती यायला वेळ लागला, पण त्याने ती घेतली. १९५८-५९ ला वेस्ट इंडिजची टीम भारतात आली तेव्हा शिक्षणामुळे वॉरेल टीममध्ये नव्हता. आपण एक सेमिस्टर मागे राहिलो तर आभाळ कोसळल्यासारखं करतो, आणि हा बाबा पस्तिशीत येऊन ग्रॅज्युएट झाला!

खेळ कसा होता? पाहिलेले लोक लिहितात की त्याच्या बॅटिंगमध्ये जोर दिसायचाच नाही. वीक्स बॉलला फोडून काढायचा, वॉलकॉट ठोकायचा आणि वॉरेल फक्त दिशा द्यायचा. १९५० मध्ये वेस्ट इंडिजने इंग्लंडला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा हरवलं, ३-१. लॉर्ड्सवर पहिला विजय मिळाला, रामाधीन आणि व्हॅलेंटाईन या दोन पोरसवदा स्पिनर्सनी धुमाकूळ घातला. त्या मालिकेत वॉरेलने ट्रेंट ब्रिजवर २६१ केल्या. १९५७ ला त्याच ग्राउंडवर तो सलामीला गेला, पूर्ण टीम आउट झाली आणि हा १९१ वर नाबाद परत आला. बॉलिंगही होतीच. १९५१ मध्ये ॲडलेडला ३८ धावांत ६ विकेट काढून त्याने ऑस्ट्रेलियाला ८२ मध्ये गुंडाळलं.

भारताशी त्याचं नातं जुनं. १९४९-५० मध्ये तो कॉमनवेल्थ संघाबरोबर आला आणि कानपूरला नाबाद २२३ केल्या. नंतरही दोनदा तो अशा संघांबरोबर आला. भारतातल्या खेळपट्ट्या, रेल्वेचे प्रवास आणि इथली माणसं त्याला माहीत होती. १९५३ मध्ये आपली टीम वेस्ट इंडिजला गेली तेव्हा जमैकाच्या टेस्टमध्ये त्याने २३७ धावा केल्या. त्याच डावात वीक्स आणि वॉलकॉट यांचीही शतकं झाली. तिन्ही डब्ल्यू एकाच डावात! त्या धुलाईतही आपल्या सुभाष गुप्ते यांनी पाच विकेट घेतल्या आणि पॉली उम्रीगर, पंकज रॉय, विजय मांजरेकर या तिघांनी शतकं करून टेस्ट वाचवली, हेही सांगायला हवं.

वॉरेलची एक सवय मला फार आवडली. पॅड बांधून आपल्या नंबरची वाट बघताना तो चक्क झोपायचा. बाकीचे नखं खात बसलेले आणि हा गाढ. विकेट पडली की कोणीतरी हलवून उठवायचं, मग डोळे चोळत मैदानात जायचा. व्हायव्हाच्या आधी कॉरिडॉरमध्ये आपली जी अवस्था असते ती आठवून बघा!

आता मुख्य गोष्टीकडे येते. वेस्ट इंडिजची टीम १९२८ पासून टेस्ट खेळत होती. टीममध्ये बहुतेक खेळाडू काळे. पण कॅप्टन? तो गोरा किंवा उजळ वर्णाचाच. जॉर्ज हेडलीसारखा महान खेळाडू होता, पण त्यालाही १९४८ मध्ये फक्त एका टेस्टपुरतं कॅप्टन केलं गेलं. काळा माणूस बॅटिंग करेल, बॉलिंग करेल, पण डोकं चालवणं त्याला जमणार नाही, असा हा हिशोब. कोणी लेखी नियम केला नव्हता. लेखी नियम मोडता तरी येतो, न लिहिलेला नियम मोडायला फार वेळ लागतो. थ्री डब्ल्यूज ऐन भरात होते तेव्हाही त्यांच्यापेक्षा कमी अनुभवाच्या माणसांना त्यांच्या डोक्यावर बसवलं जात होतं.

१९५८ मध्ये बेटांचं मिळून वेस्ट इंडिज फेडरेशन स्थापन झालं, स्वातंत्र्याची चाहूल लागली. त्रिनिदादमध्ये सी. एल. आर. जेम्स हे मोठे लेखक आणि विचारवंत दि नेशन नावाच्या पेपरचे संपादक होते. त्यांनी पेपरात मोहीमच काढली : वॉरेलला कॅप्टन करा. तेव्हाचा कॅप्टन गेरी अलेक्झांडर हा केंब्रिजला शिकलेला, पेशाने प्राण्यांचा डॉक्टर आणि माणूस म्हणून चांगलाच. जेम्सचं म्हणणं साधं होतं की वॉरेल टीममध्ये असताना दुसरा कोणी कॅप्टन असणं हे क्रिकेटच्या हिशोबाने समजावून सांगता येत नाही. जानेवारी १९६० मध्ये ब्रिजटाऊनला वॉरेलने अकरा तासांहून जास्त वेळ बॅटिंग करून नाबाद १९७ केल्या, सोबर्सबरोबर ३९९ ची भागीदारी. त्याच महिन्याच्या शेवटी पोर्ट ऑफ स्पेनच्या टेस्टमध्ये घरच्या टीमची पडझड होत असताना एक रनआउट झाला आणि प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ थांबवावा लागला. लोकांचा राग फक्त एका रनआउटचा नव्हता, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं. शेवटी त्याच वर्षी बोर्डाने ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी वॉरेलचं नाव जाहीर केलं. वय ३६. पूर्ण मालिकेसाठी नेमलेला वेस्ट इंडिजचा पहिला काळा कॅप्टन.

आता विचार करा, तो फेल झाला असता तर? एक कॅप्टन फेल झाला असं कोणी म्हणालं नसतं, यांना जमत नाही असंच सगळे म्हणाले असते. एवढं ओझं घेऊन तो ब्रिस्बेनला उतरला.

त्याने काय केलं? पहिलं म्हणजे ओरडला नाही. बेटाबेटांचे गट मोडले, सगळ्यांना मिसळायला लावलं, तरुण मुलांकडे वडीलधाऱ्यासारखं लक्ष दिलं. ज्याची खुर्ची त्याला मिळाली तो अलेक्झांडर व्हाईस कॅप्टन आणि विकेटकीपर म्हणून त्याच्याबरोबर होता. त्याने तोंड वाकडं न करता कॅप्टनला साथ दिली आणि त्या मालिकेत टीमकडून सर्वात चांगलं बॅटिंग ॲव्हरेज त्याचंच राहिलं. मला या गोष्टीत अलेक्झांडरही मोठा वाटतो.

पहिली टेस्ट ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली. वेस्ट इंडिज ४५३ (सोबर्स १३२), ऑस्ट्रेलिया ५०५, मग वेस्ट इंडिज २८४. वॉरेल दोन्ही डावांत ६५. ऑस्ट्रेलियाला जिंकायला २३३. सहा गेले ९२ वर, पण डेव्हिडसन आणि बेनॉ यांनी १३४ ची भागीदारी केली. सगळं संपल्यात जमा असताना ज्यो सॉलोमनच्या थ्रोवर डेव्हिडसन रनआउट. शेवटची ओव्हर वेस हॉलची, तेव्हा ऑस्ट्रेलियात आठ बॉलची ओव्हर असे. हव्या होत्या ६ धावा आणि हातात ३ विकेट.

पहिल्या बॉलला लेगबाय. दुसऱ्याला बेनॉ हुक मारायला गेला आणि कीपर अलेक्झांडरकडे कॅच. तिसरा मोकळा. चौथ्याला बाय. पाचव्याला ग्राउटने बॉल हवेत उडवला, कन्हाय खाली थांबला होता, पण हॉल स्वतःच धावत मध्ये घुसला आणि कॅच सुटला. एक धाव. सहाव्याला मेकिफने फटका मारला, दोन धावा झाल्या, स्कोअर बरोबरीत, तिसरी घेताना हंटच्या लांबच्या थ्रोवर ग्राउट रनआउट. आता दोन बॉल, एक धाव, एक विकेट. वॉरेल हॉलजवळ गेला आणि एवढंच बजावलं की नो बॉल टाकू नकोस, टाकलास तर बार्बाडोसला परत जाता येणार नाही. सातवा बॉल क्लाईनने स्क्वेअर लेगला ढकलला आणि दोघे पळाले. सॉलोमनने बाजूने थ्रो केला. बाजूने तीन स्टंप एका मागे एक येतात, म्हणजे दिसतो एकच. टार्गेटची रुंदी साधारण पावणेचार सेंटिमीटर! थ्रो थेट लागला. दोन्ही टीम ७३७ वर. १८७७ पासूनच्या टेस्ट इतिहासातली ही पहिली टाय. दुसरी टाय पाहायला जगाला १९८६ पर्यंत थांबावं लागलं, आणि ती झाली आपल्या मद्रासमध्ये.

मालिका ऑस्ट्रेलियाने २-१ ने जिंकली. पण मेलबर्नच्या शेवटच्या टेस्टला एका दिवशी नव्वद हजारांहून जास्त लोक आले. मालिकेच्या नावाने एक ट्रॉफी बनवली गेली, त्यात ब्रिस्बेनच्या टेस्टचा बॉल बसवला आणि ट्रॉफीला नाव दिलं फ्रँक वॉरेल याचं. हरलेल्या कॅप्टनच्या नावाची ट्रॉफी! त्याने ती स्वतःच्या हाताने बेनॉला दिली. फेब्रुवारी १९६१ मध्ये टीम निघाली तेव्हा मेलबर्नच्या रस्त्यांवर उघड्या गाड्यांतून मिरवणूक काढली, आणि प्रचंड गर्दी या हरलेल्या टीमला निरोप द्यायला जमली. लक्षात घ्या, हा तो ऑस्ट्रेलिया होता जिथे गोऱ्यांखेरीज इतरांना स्थायिक होऊ द्यायचं नाही असं सरकारी धोरण होतं.

पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये आपली टीम वेस्ट इंडिजला गेली. १७ मार्चला बार्बाडोसविरुद्धच्या मॅचमध्ये चार्ली ग्रिफिथचा बॉल आपले कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. तेव्हा हेल्मेट नव्हतं. कवटीला फ्रॅक्चर, तातडीने ऑपरेशन, जिवाशी गाठ. रक्त हवं होतं. रक्त द्यायला पुढे झालेल्या पहिल्या माणसांत वॉरेल होता, समोरच्या टीमचा कॅप्टन! आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले आणि पुढे परत फर्स्ट क्लास क्रिकेटही खेळले. एकवीस वर्षांच्या पतौडीला कॅप्टन व्हावं लागलं. वॉरेलच्या टीमने ती मालिका ५-० ने जिंकली. रक्त दिलं म्हणून मैदानात सूट दिली नाही, आणि मैदानात हरवायचं आहे म्हणून रक्त द्यायला मागे राहिला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात असणं मला सर्वात अवघड वाटतं.

त्याच वर्षी फेडरेशन मोडलं. जमैका बाहेर पडला, मग त्रिनिदाद. पुढाऱ्यांना बेटं एकत्र ठेवता आली नाहीत. एकत्र राहिली ती क्रिकेट टीम आणि युनिव्हर्सिटी. वॉरेल या दोन्ही ठिकाणी होता. १९६३ ला त्याची टीम इंग्लंडमध्ये ३-१ ने जिंकली आणि तो रिटायर झाला. ५१ टेस्ट, ३८६० धावा, ९ शतकं, ६९ विकेट. कॅप्टन म्हणून १५ टेस्ट : ९ जिंकल्या, ३ हरल्या, २ ड्रॉ, १ टाय. कॅप्टनशिप सोबर्सकडे गेली. १९६५ मध्ये वॉरेल मॅनेजर असताना वेस्ट इंडिजने ऑस्ट्रेलियाला मालिकेत पहिल्यांदा हरवलं.

जमैकात तो सिनेटर झाला, १९६४ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. पण रोजचं काम होतं युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडिजमध्ये. जमैकाच्या मोना कॅम्पसवरच्या आयर्विन हॉल या हॉस्टेलचा तो वॉर्डन होता. नंतर त्रिनिदादच्या सेंट ऑगस्टिन कॅम्पसवर विद्यार्थ्यांचंच काम. त्या हॉस्टेलमध्येही सगळ्या बेटांची मुलं एकत्र राहायची, तीच भांडणं, तेच गट. म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये जे केलं तेच काम पुन्हा. आमच्या रेक्टर सरांनी हे वाचलं तर त्यांना बरं वाटेल, कारण वॉर्डनची नोकरी म्हणजे शिक्षा नसून एका टेस्ट कॅप्टनने आपणहून घेतलेलं काम आहे!

१९६६-६७ मध्ये वेस्ट इंडिजची टीम भारतात आली होती तेव्हा वॉरेलही इथे आला होता. त्याच सुमारास तब्येत बिघडली. ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. १३ मार्च १९६७ ला जमैकात किंग्स्टनला तो गेला. वय फक्त ४२. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनासभा झाली. तोपर्यंत कुठल्याही खेळाडूला हा मान मिळाला नव्हता. ज्या बार्बाडोसने बेट सोडल्याबद्दल त्याच्यावर राग धरला होता, त्याच बार्बाडोसमध्ये केव्ह हिल इथे, युनिव्हर्सिटीच्या जागेत, त्याला पुरलं. देशाच्या पाच डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. कबरीजवळच्या मैदानाचं नाव थ्री डब्ल्यूज ओव्हल. २००६ मध्ये वॉलकॉट गेले, २०२० मध्ये वीक्स गेले आणि तिघेही तिथेच शेजारी विसावले.

१९८१ पासून कोलकात्यात बंगालची क्रिकेट असोसिएशन दर ३ फेब्रुवारीला वॉरेलच्या नावाने रक्तदान शिबिर घेते. कॅरिबियनमधल्या एका माणसाने एका भारतीयाला दिलेल्या एका बाटलीचं हे व्याज, अजून चालूच आहे. आपल्याकडे एन.एस.एस.चा कॅम्प लागतो तेव्हा बरेच जण सुईच्या भीतीने लायब्ररीत जाऊन बसतात, आणि लायब्ररीला तेवढीच एक दिवस गर्दी असते! मित्रांनो, पुढच्या वेळी त्या दिवशी लायब्ररी रिकामी राहू दे. आणि रक्त दिल्यावर जो ग्लुकोज बिस्किटांचा पुडा मिळतो, तो मेसमध्ये दुसऱ्या जिल्ह्याच्या टेबलावर जाऊन फोडा.